आबा, बाळूनं वर्ल्ड सिरीज जिंकून दिली

पिट्सबर्ग, १८ जानेवारी

ती. आबा आणि आई यांना शि. सा. न.,

फोन सोडून पत्र कशाला लिहितोय म्हणून आई आधी घाबरेल, तर आई काही झालेलं नाहीये, तब्येत ठणठणीत आहे, बाहेर बर्फ साचलंय आणि छोटीला शाळेला सुट्टी आहे एवढंच. गोष्ट आबांसाठी आहे आणि फोनवर सांगायला गेलो असतो तर दुसऱ्या मिनिटाला तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणाला असता, म्हणून निवांत लिहितोय.

तर गेल्या शनिवारी रात्री दीड वाजता, म्हणजे तुमच्याकडे रविवारी दुपारचे बारा, मी वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथल्या बेसबॉलची फायनल, जिंकलो. खरी नाही हो, कॉम्प्युटरवरची. आउट ऑफ द पार्क बेसबॉल म्हणून एक गेम आहे, मार्कस हाइनसोन नावाच्या एका जर्मन माणसानं सुरू केलेला (जर्मन माणूस आणि बेसबॉल, असतात अशी माणसं). यात बॅट फिरवायची नसते. तुम्ही मॅनेजर. टीम निवडा, पोरं शोधा, पगार ठरवा, मालकाची बोलणी खा. तुम्ही तालुक्याच्या टीमचं सिलेक्शन करायचात ना, तेच काम, फक्त इथं वर्षाला १६२ मॅच असतात. एकशे बासष्ट! आपला अख्खा रणजी सीझन यांच्या दोन आठवड्यांत बसेल.

टीम घेतली आमच्या गावची, पिट्सबर्ग पायरेट्स. लोक हसतात. शेवटचं विजेतेपद १९७९ चं, आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० सीझन जिंकल्यापेक्षा हरलेल्याच मॅच जास्त. पैसा कमी, न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसवाल्यांशी बरोबरी कुठून करणार, चांगला झाला की प्लेयर निघाला. पण मला ही टीम आवडते. एक तर २००८ साली यांनीच आपल्याकडच्या दोन भालाफेक करणाऱ्या पोरांना, यूपीच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला, पिचर, म्हणजे आपला बॉलर, म्हणून घेतलं होतं. दुसरं म्हणजे ग्राउंड. दोन नद्या येऊन मिळतात आणि पुढं ओहायो नदी सुरू होते, त्याच्या अलीकडंच नदीकाठी स्टेडियम. पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रीतिसंगमावर उभा आहे असंच वाटलं, फक्त घाट नाही आणि भेळ नाही.

या ग्राउंडची एक खोड आहे आणि माझी सगळी टीम त्या खोडीवर उभी होती. उजवीकडची भिंत जवळ आहे पण २१ फूट उंच, रॉबर्टो क्लेमेंटेच्या २१ नंबरच्या जर्सीचा मान म्हणून. हा पायरेट्सचा जुना प्लेयर, यांचा देवमाणूस, बरोबर ३००० हिट मारले आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना सामान घेऊन जाताना विमान पडून गेला. आणि डावीकडं, लेफ्ट-सेंटरला, बाउंड्री ४१० फुटांवर, म्हणजे सव्वाशे मीटर! आता उजव्या हातानं खेळणारा बॅटर ताकदीनं मारणार कुठं, तर आपल्या मिडविकेटला, म्हणजे इथल्या डावीकडं. दुसरीकडं सिक्स जाईल असा बॉल इथं कॅच होतो. आणि डावखुरा पिचर आला की समोरचा मॅनेजर उजवे बॅटर भरतो. म्हणून मी ठरवलं, डावखुरे पिचर गोळा करायचे आणि डावीकडं पळणारं पोरगं उभं करायचं. महागडा हिटर नकोच.

त्यातलाच एक बाळू. गेमनं बनवलेला प्लेयर आहे, नाव काहीतरी भलतंच, पण टोपणनाव आपण देऊ शकतो म्हणून मी टाकलं बाळू. तुम्ही पालवणकर बाळूंचं सांगायचात ना, १९११ ला इंग्लंडमध्ये ११४ विकेट, तेही डावखुरे, म्हणून. याला कोणी विचारत नव्हतं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, अकराव्या राउंडला घेतला. पोरं हेरणारे स्काउट २० ते ८० मध्ये मार्क देतात, याच्या फास्टबॉलला ४०. पण चेंजअप, म्हणजे फसवून हळू टाकलेला बॉल, असा की बॅटर बॉल यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळा. चार वर्षं खालच्या लीगमध्ये, अल्टूना, इंडियानापोलिस असं हिंडवून मग वर आणला.

सीझन म्हणाल तर सुरुवात इतकी घाण की विचारू नका. एप्रिल संपला तेव्हा ९ जिंकल्या, २० हरल्या. मालकाचा मेल आला, नाराज आहे म्हणून. मे मध्ये माझ्या एक नंबर पिचरच्या कोपराचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन, म्हणजे वर्षभर बाहेर. त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून भांडी घासत बसलो तर सूनबाई म्हणाली ऑफिसमध्ये काही झालं का. काय सांगणार, पिचरचा कोपर गेला म्हणून?

मग जुलै. ३१ तारखेच्या आत प्लेयर विकायचे-घ्यायचे असतात. आमचा कॅचर (आपला विकेटकीपर), ३५ वर्षांचा, सहा वर्षं माझ्याकडं, पब्लिकचा लाडका, त्याला मागणी आली आणि बदल्यात एक रिलिव्हर, म्हणजे मॅचच्या मधेच येणारा पिचर, आणि लांब उभा राहणारा, पळणारा आउटफिल्डर. तीन दिवस मी गेम पुढंच नेला नाही. शेवटी दिला. आबा, तुम्ही एकदा फायनलच्या आदल्या दिवशी तुमच्याच मित्राला टीममधून काढलं होतं आणि नंतर महिनाभर तो आपल्या दारावरून गेला नाही, मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता तेवढा नाही. तरी मला अजून वाटतं एक मॅच तरी खेळवायला हवा होता त्याला.

ऑगस्टमध्ये काय झालं कळेना, जिंकतच सुटलो. शेवटच्या दिवशी ८७ विजयांवर, आमच्या लीगच्या सहा टीममधली सहावी म्हणून कसेबसे प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घुसलो. तिथून धडाधड, मधलं सांगत बसत नाही, फायनलला सिएटल. यांचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं, खऱ्या आयुष्यात २०२५ पर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचलेले नाहीत. म्हणजे जिंकताना पण जरा वाईट वाटावं अशी टीम.

तिथून मी कॉम्प्युटरला परस्पर मॅच खेळवू देणं बंद केलं, एकेक बॉल खेळलो, आणि वहीत पेन्सिलनं स्कोअर लिहिला, तुमच्यासारखा, डावीकडं नावं, तांबड्या पेन्सिलीनं विकेट. इथं आउट आकड्यांनी लिहितात, पिचर १, कॅचर २, असं ९ पर्यंत. हे बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, बनवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा बरं का! पाचव्या मॅचला, आपल्या ग्राउंडवर, त्यांच्या दांडग्या हिटरनं असा हाणला की मी पेन्सिल खाली ठेवली. बॉल लेफ्ट-सेंटरला, ४१० फुटांच्या पाटीपाशी, आणि तो जुलैत घेतलेला पोरगा भिंतीला टेकून कॅच. त्या मॅचचा पिचर बाळूच.

सातवी मॅच सिएटलला. ३-२ नं पुढं, शेवटची नववी इनिंग, दोन आउट (तिसरा झाला की संपलं), सेकंड आणि थर्ड बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या शेवटच्या दोन थांब्यांवर, त्यांची माणसं. माझा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर, सलग दोन मॅच टाकून दमलेला. बाळू पाचव्याच मॅचला खेळलेला, थकव्याची पट्टी लाल. आणला त्याला. पहिला बॉल बाहेर, दुसरा बाहेर. तिसरा चेंजअप, हुकला. चौथा फाउल, रेषेबाहेर. पाचवा, स्क्रीनवर एक ओळ उमटली, थर्ड बेसकडं ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला बॉल. मग फर्स्टला थ्रो. आउट. वहीत ५-३ (थर्ड बेसवाला ५, फर्स्टवाला ३) लिहिलं आणि हात थरथरत होता, खोटं नाही सांगत. घरात सगळी झोपलेली. ओरडता येईना म्हणून गॅलरीत जाऊन बर्फात अनवाणी उभा राहिलो, मूर्खासारखा.

परत येऊन बघतो तर मालकाचा मेल. अभिनंदन, आणि पुढच्या वर्षी पगारावरचा खर्च कमी करा.

वहीच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवलीय, चष्मा लावून बघा, सहाव्या इनिंगला एक खाडाखोड आहे तिथं मी चुकलो होतो. आता बाळूला तीन मोठ्या टीम मागतायत, चांगली दोन पोरं बदल्यात देतायत, आणि स्काउट म्हणतो याचा खांदा फार दिवस टिकायचा नाही. ठेवू का विकू? मी गेम तिथंच थांबवलाय. तुमचं उत्तर आलं की पुढं नेतो, पण फोनवर नको, पत्रातच कळवा.

तुमचा,
पिंट्या