‘अप्रकाशित पंचम’ म्हणून विकलेल्या रेकॉर्ड-संचाबद्दल तक्रार आणि मागणी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या विभागाचे प्रमुख

नागपूर, २० जून

विषय : राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या अप्रकाशित संगीताच्या चार तबकड्यांच्या संचातील दिशाभूल, सदोष छपाई आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा हा संच आम्ही नागपूरच्या अकरा श्रोत्यांनी प्रत्येकी ७,४९९ रुपयांना विकत घेतला. वेष्टनावर ठळक अक्षरांत दोन दावे आहेत : ‘आजवर अप्रकाशित’ आणि ‘मूळ टेपवरून’. अकराही संच वेगवेगळ्या टर्नटेबलवर ऐकून, संगणकावर घेऊन आणि एकमेकांशी ताडून पाहिल्यावर आमची खात्री झाली आहे की पहिला दावा निम्म्याहून अधिक गीतांना लागू होत नाही आणि दुसरा तिसऱ्या व चौथ्या तबकडीला मुळीच लागू होत नाही.

आधी ‘अप्रकाशित’ या शब्दाचे पाहू. या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी येऊ शकतात आणि आपल्या संपादकांनी त्या वेगळ्या केलेल्या नाहीत. गुलजार यांचा १९८८चा ‘लिबास’ चित्रपटगृहांत कधी लागला नाही. २०१४ साली गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. पण त्याची गाणी केव्हाच बाजारात आली होती आणि पंचमप्रेमींना ती तोंडपाठ आहेत. चित्रपट अप्रकाशित म्हणून गाणी अप्रकाशित ठरत नाहीत. ‘शोले’ची कव्वाली याच्या उलट. किशोर कुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि स्वतः आनंद बक्षी यांनी गायलेली ही कव्वाली पडद्यावर नाही, पण रेकॉर्डवर आहे. तिलाही आपण ‘प्रथमच’ म्हटले आहे. तिसरा प्रकार चित्रपटात वाजलेल्या पण रेकॉर्डवर न आलेल्या तुकड्यांचा : जास्तीचा अंतरा, दुःखी चालीतली दोन कडवी, नृत्यासाठी वाढवलेला म्युझिक पीस. ईपी म्हणजे सात इंची छोट्या रेकॉर्डच्या एका बाजूवर दोन गाणी बसवायची तर कात्री लागायचीच, म्हणून हे तुकडे मागे राहिले. आणि चौथा, खरा अप्रकाशित, म्हणजे जो पडद्यावरही नाही आणि रेकॉर्डवरही नाही : बाद झालेली ध्वनिमुद्रणे, वेगळे टेक, वादकांच्या तालमी, डमी बोल घालून गायलेल्या चालींच्या कॅसेटी. ग्राहक पैसे मोजतो ते या चौथ्यासाठी. आपल्या संचात या प्रकारचे एकही गीत आम्हाला सापडले नाही.

आता ‘मूळ टेपवरून’. तिसऱ्या तबकडीच्या पहिल्या बाजूची पाचही गीते मूळ गतीपेक्षा चार टक्क्यांनी जलद आहेत. हा आकडा योगायोगाने येत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, तर आपल्याकडची जुनी, पाल नावाच्या पद्धतीची दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेट २५ चौकटींनी चालत असे. चित्रपट त्यावर उतरवताना सगळे काही तेवढे जलद होते. चार मिनिटांचे गाणे साडेनऊ सेकंद आधी संपते आणि पट्टी जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढते. काळी दोनमधले गाणे काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी लटकते. पेटीवर ते कुठेच सापडत नाही. किशोर कुमारांचा आवाज किंचित पातळ, किंचित तरुण का वाटतो, त्याचे कारण हेच.

याला आणखी एक पुरावा आहे. याच बाजूच्या ध्वनीचा आलेख काढल्यावर १५,६२५ हर्ट्झवर एक सरळ, अखंड रेघ दिसते. पाल पद्धतीचा टीव्ही दर सेकंदाला १५,६२५ ओळी रेखाटतो; ही त्याचीच शिट्टी आहे. तरुण कानांना ती ऐकूही येते. चित्रपटाच्या स्टुडिओतल्या टेपवर अशी शिट्टी असण्याचे काहीच कारण नाही. शिवाय साधारण आठ हजार हर्ट्झच्या वर संगीत जवळजवळ संपते, जे चित्रपटाच्या प्रतीवरच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीचे लक्षण आहे. म्हणजे ही गीते कुणाच्या तरी व्हिडिओ कॅसेटवरून उचललेली आहेत. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक गीताची मूळ व आपल्या संचातली लांबी सेकंदांत दिली आहे.

व्हिडिओवरची खरखर झाकण्यासाठी आपल्या तंत्रज्ञांनी जी सफाई केली तिचे आम्हाला सर्वांत जास्त दुःख आहे. पंचमदांच्या वाद्यमेळात अमृतराव काटकरांचा रेसो-रेसो, म्हणजे खाचांवर काडी घासून वाजवायचे तालवाद्य, ही बारीक गोष्ट नाही. गाण्याच्या लयीचा तो श्वास आहे. त्याची ‘चिक-चिक’ आणि टेपची सळसळ यांच्या लहरी सारख्याच पसरट असल्यामुळे सफाईचे सॉफ्टवेअर दोन्ही एकाच झाडूने काढते. आपल्या संचात गायक गातो तेव्हा रेसो-रेसो ऐकू येतो आणि ओळीच्या शेवटी गायक थांबला की तोही गडप होतो. कबासा (मण्यांचे खुळखुळ्यासारखे वाद्य) आणि झांजा पाण्याखालून वाजल्यासारख्या झाल्या आहेत. रणजीत गजमेर यांचे सुरात लावलेले मादल हे नेपाळी ढोलकीसारखे वाद्य त्या मानाने वाचले, कारण त्याचा घुमारा खालच्या पट्टीतला आहे. थोडी सळसळ राहू दिली असती तरी चालले असते. जुने संगीत ऐकणाऱ्याला सळसळ खुपत नाही, ताल तुटलेला खुपतो.

चौथी तबकडी पूर्ण पार्श्वसंगीताची आहे आणि तिच्यासाठीच आमच्यापैकी बहुतेकांनी हा संच घेतला. या तबकडीवरचे संगीत चित्रपटाच्या अंतिम मिश्रणातून सॉफ्टवेअरने संवाद पुसून काढलेले आहे. हे कसे कळते? मिश्रण करणारा तंत्रज्ञ पात्र बोलू लागले की संगीत हाताने खाली घेतो आणि संवाद संपला की वर आणतो. संवाद पुसता येतात, तो उतार-चढाव पुसता येत नाही. आपल्या तबकडीवर व्हायोलिनचा ताफा मध्येच कारण नसताना दबतो आणि तीन-चार सेकंदांनी पुन्हा वर येतो. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या तुकड्यात तर श्वास आणि ‘स’चे शेपूटही शिल्लक आहे. संगीताची मूळ ध्वनिपट्टी मिळाली नाही म्हणून असे करावे लागले असेल तर आम्ही ते समजू शकतो. तसे वेष्टनावर छापायला हवे होते.

छपाईचे दोष वेगळे आहेत. दुसऱ्या तबकडीचे मधले छिद्र केंद्रापासून सरकलेले आहे. सूर दर १.८ सेकंदाला वर-खाली डुलतो, आणि ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी नेमक्या १.८ सेकंदांची असते. अकराच्या अकरा प्रतींत हा दोष आहे, म्हणून तो वाहतुकीतला नाही. पहिल्या तबकडीची एक बाजू २९ मिनिटांची केली आहे. अठरा ते बावीस मिनिटांपर्यंत खाचा मोकळ्या राहतात. त्यापुढे आवाज दबतो आणि आतल्या खाचांत शेवटच्या गाण्याचे ‘स’ आणि ‘श’ फाटतात, तसे ते फाटले आहेत. सतारी किंवा संतूरवर संपणारे संथ गाणे शेवटी ठेवले असते तरी निभावले असते; आपण तिथे ड्रमचा गोंगाट असलेले गाणे ठेवले.

तीन संच वाकून आले. पार्सले नवतपात निघाली होती. त्या दिवसांत नागपूरचा पारा ४५च्या वर असतो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. विनाइलला एवढे पुरते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत विदर्भात रेकॉर्ड पाठवू नयेत, पाठवायच्याच असतील तर दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा लावून, तबकडी कव्हरबाहेर काढून आतल्या पिशवीत ठेवून पाठवाव्यात. तक्रारीच्या उत्तरात आपल्या सेवा केंद्राने ‘टर्नटेबल तपासून घ्या’ असे लिहिले. अकरा टर्नटेबले एकाच वेळी बिघडत नाहीत.

पुस्तिकेत एकाही वादकाचे नाव नाही. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग, मारुतीराव कीर हे पंचमदांचे सहायक. केर्सी लॉर्ड, भानू गुप्ता, होमी मुल्लन यांच्याशिवाय तो आवाज घडलाच नसता. बत्तीस पानांत आठ पाने आपल्या कंपनीच्या इतिहासाला आहेत, या नावांसाठी एक ओळही नाही. नव्या छपाईत ती यायलाच हवीत.

आम्हाला पैसे परत हवेत, पण तेवढ्यावर हा विषय संपू नये. खरा अप्रकाशित पंचम ऐकायला मिळावा ही आमची अनेक वर्षांची इच्छा आहे आणि तो कसा काढावा हे अवघड गुपित नाही.

सर्वांत आधी गोदामातल्या टेप आणि फिल्मच्या डब्यांची यादी करा आणि ती जाहीर करा. काय उरले आहे हे कळले तरी निम्मा प्रश्न सुटेल. पार्श्वसंगीत रिळागणिक मुद्रित होत असे, आणि हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांचे असते, म्हणून अडीच तासांच्या चित्रपटासाठी साधारण चौदा डबे शोधायचे आहेत. दोनच सापडले तर तेही मोलाचे. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. डब्यात ए-डी पट्टी, म्हणजे आम्ल वाफेने रंग बदलणारी कागदाची पट्टी, ठेवा. ती निळ्याची हिरवी, मग पिवळी होते, तेव्हा आधी तेच रीळ उतरवायला घ्या आणि बाकीच्यांपासून वेगळे करा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. पाव इंची टेपचे रीळ उजेडासमोर धरा. कडेतून उजेड आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, काळेकुट्ट दिसले तर पॉलिएस्टर. १९७०च्या उत्तरार्धातली पॉलिएस्टर टेप चिकट झाली असेल तर ५०-५५ अंशांवर आठ तास शेकून ती वाजवता येते. अ‍ॅसिटेट टेप मात्र कधीही शेकू नये. ती आकसते आणि कायमची जाते. प्रत्येक रिळासाठी टेप वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन नव्याने जुळवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या उच्च डिजिटल दर्जात कोणतीही सफाई न करता पहिली प्रत काढा आणि ती जपून ठेवा. सफाई त्यानंतर, आणि कान रेसो-रेसोवर ठेवून.

काय काढावे याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. सर्वांत आधी पार्श्वसंगीत : ‘शोले’, ‘दीवार’, ‘सत्ते पे सत्ता’. ‘सत्ते पे सत्ता’मध्ये बाबू या पात्राच्या प्रवेशाला गायिका अ‍ॅनेट पिंटो यांनी गुळण्या करत काढलेला आवाज संवादांशिवाय, मोकळा ऐकायला मिळावा असे कुणाला वाटणार नाही? हक्क दुसऱ्या कंपनीकडे असतील तर परवाना घेऊन काढा. आम्ही त्याची किंमत मोजू. त्यानंतर चित्रपटातले जास्तीचे अंतरे, रेकॉर्डवरच्या गाण्याशेजारी, त्याच पट्टीत. चालींच्या कॅसेटी कुटुंबाच्या आणि वादकांच्या संमतीनेच, आणि जशा आहेत तशा. मदन मोहन यांच्या निधनानंतर एकोणतीस वर्षांनी, २००४ साली, त्यांच्या न वापरलेल्या चाली ‘वीर-झारा’साठी नव्या वाद्यमेळात, नव्या आवाजांत मुद्रित झाल्या. ते काम सुंदर झाले, पण ते वेगळे काम होते. आम्हाला पंचमदांच्या मूळ मुद्रणावर नवा ड्रम, नवा बेस चढवलेला नको आहे.

यात आपल्या कंपनीचाही फायदा आहे. कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे असते. १९६६ साली बाजारात आलेल्या मुद्रणाचे २०२६ अखेर संपते. रचनेचे आणि शब्दांचे हक्क राहतात, पण जुनी रेकॉर्ड मग कुणीही उतरवून विकू शकतो. मूळ टेप मात्र फक्त आपल्याकडे आहे. ती नीट उतरवली तर तिच्याशी स्पर्धा करणारे कुणी नाही.

आमच्या मागण्या अशा. अकराही संचांची पूर्ण रक्कम, परत पाठवण्याचा खर्च धरून, मिळावी. उरलेल्या मालावरचे ‘मूळ टेपवरून’ आणि ‘आजवर अप्रकाशित’ हे शब्द झाकून प्रत्येक गीताचा खरा स्रोत छापावा. दुसरी तबकडी नव्या साच्यावरून काढावी आणि ज्यांना संच ठेवायचा आहे त्यांना ती विनामूल्य द्यावी. डब्यांची यादी केव्हा जाहीर करणार त्याची तारीख लेखी कळवावी.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांखाली आम्ही नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे आणि कलम ३५खाली आम्ही अकरा जण आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतो.

वाकलेल्या तीन तबकड्या आम्ही सपाट करण्याचा प्रयत्न केलेला नाही; त्या आल्या तशाच, मूळ खोक्यांत, तपासणीसाठी ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी सीताबर्डीत कोणत्याही दिवशी येऊन त्या पाहू शकतो आणि तिसरी तबकडी आमच्यासमोर पेटीशी लावून ऐकू शकतो.

कळावे,

आपले,
संचाचे अकरा ग्राहक, नागपूर

सोबत : अकरा पावत्यांच्या प्रती, गीतांच्या लांबीचा तक्ता, १५,६२५ हर्ट्झच्या रेघेचे आलेख, दुसऱ्या तबकडीच्या छिद्राची मोजमापे आणि छायाचित्रे, सेवा केंद्राच्या उत्तराची प्रत