थिनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत विकू नका

संपादक महोदय,

दिवाळीआधी घरोघरी फर्निचरच्या पॉलिशची कामं निघतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. परवा आमच्या सोसायटीतल्या एका फ्लॅटमध्ये दोन तरुण कारागीर कपाटांना पॉलिश मारत होते. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, तोंडाला रुमाल. थिनर मात्र कोल्ड्रिंकच्या बाटलीत, दुकानातून सुटा आणलेला. त्रास होतो का विचारलं, तर म्हणाले, "संध्याकाळी डोकं धरतं काका, पण आता सवय झाली."

मी चिंचवडला गाड्यांच्या पेंटशॉपमध्ये सुपरवायझर होतो. अशा थिनरमध्ये टोल्युइनचा वाटा बहुधा मोठा असतो. ते मोलाचं रसायन आहे. रंग, छपाईची शाई, चपला चिकटवायचं सोल्यूशन यांत विद्रावक म्हणून लागतं. त्यापासून बेंझोइक आम्ल आणि पुढे सरबतं टिकवणारं सोडियम बेंझोएट बनतं. गादीच्या फोमला लागणारं टीडीआय हे रसायनसुद्धा. ते बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण कारखान्यात त्याला किती जपतात! टँकरवर त्या रसायनाची ओळख सांगणारा १२९४ हा क्रमांक आणि ज्वालाग्राही असल्याची खूण असते. पिंपातून बादलीत ओतताना दोन्हींना तार जोडून अर्थिंग करतात, कारण ओतताना साठणाऱ्या स्थिर विजेची ठिणगीही पुरते. अवघ्या ४ अंश सेल्सिअसला त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघते. ती हवेच्या तिप्पट जड, म्हणून जमिनीलगत पसरत शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत जाऊ शकते. रुमालाने ती अडत नाही, कार्बन कार्ट्रिजचा मास्कच लागतो. वर्षानुवर्षं छातीत भरत राहिली, तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. त्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

हार्डवेअर दुकानदारांनी थिनर सीलबंद, लेबल लावलेल्या डब्यातच विकावा आणि सुटी विक्री प्रशासनाने थांबवावी. पाण्यासारखा दिसणारा हा द्रव एखादं मूल सहज तोंडाला लावेल. काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि गॅस बंद, असा नियम सोसायट्यांनी आजच करावा. धूळ बसली तर पॉलिश पुन्हा घासावं लागेल. त्याची मजुरी घरमालकाने द्यावी.

– एक निवृत्त पेंटशॉप सुपरवायझर, चिंचवड