अष्टग्रही आणि त्या महिन्यात जन्मलेली माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जन्ममहिन्यावर जे सदर येते, त्याचा फेब्रुवारीचा भाग वाचला. महिन्याची रास, त्या राशीचा स्वभाव आणि त्या महिन्यात जगात घडलेल्या मोठ्या घटना एकत्र देऊन, त्या घटनांची छाया तेव्हा जन्मलेल्यांवर आयुष्यभर राहते, असे त्यात म्हटले आहे. उदाहरण म्हणून १९६२ ची अष्टग्रही दिली आहे. माझा जन्म ४ फेब्रुवारी १९६२ रोजी दिवेलागणीला सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात झाला, त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला शक्य नाही.

ज्यांना तो काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ३ ते ५ फेब्रुवारीच्या दरम्यान रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठही मकर राशीत होते आणि जगबुडी होणार या भीतीने देशभर जप, होम आणि अखंड नामस्मरण सुरू झाले होते. आमच्या गावात लोक रात्री अंगणात झोपले, कारण घरे कोसळतील असे कोणीतरी सांगितले होते. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण यायला तयार नव्हती. आजीने स्वतः जाऊन तिला हात धरून आणले. पौष अमावास्या ५ तारखेला पहाटे संपली, त्याच वेळी न्यू गिनीवरून प्रशांत महासागराकडे खग्रास सूर्यग्रहणाची सावली सरकत होती, आणि आमच्याकडे नेहमीसारखा दिवस उजाडला.

माझी पत्रिका अजून माझ्याजवळ आहे. कर्क लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कर्क रास उगवत होती, म्हणून वरच्या घरात कर्केचा ४ चा आकडा आणि एकटा ‘रा’, म्हणजे राहू. त्याच्या बरोबर समोर, मकरेच्या १० च्या घरात, र, चं, मं, बु, गु, शु, श, के ही आठ अक्षरे इतकी दाटीने बसवली आहेत की ‘शु’ चा उकार खालच्या रेषेवर गेला आहे. उरलेली दहा घरे कोरी. समोरचे हे घर सातवे, म्हणजे विवाहाचे. मी लग्नाची झाले तेव्हा चार स्थळे ही पत्रिका पाहून परत गेली. मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, हे त्यांना पसंत होते. त्या एका घराचे मात्र त्यांना भय वाटले. चौथ्या वेळी वडिलांनी पत्रिका घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि त्यानंतर कोणाला दाखवली नाही. पुढे माझे लग्न पत्रिका न पाहता झाले आणि आमचा संसार अडतीस वर्षे सुखाने चालला आहे. परंतु स्थळे पाहण्याच्या त्या तीन वर्षांत वडिलांनी जो अपमान सोसला, त्याची भरपाई झालेली नाही.

आता त्या महिन्यातील जागतिक घटनांविषयी. ७ फेब्रुवारीला जर्मनीतील लुइझेनथाल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २९९ कामगार दगावले. १६ आणि १७ फेब्रुवारीच्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने बांध फुटून हॅम्बुर्गमध्ये तीनशेहून अधिक माणसे गेली. सदरात या दोन्ही घटना ग्रहांच्या खात्यावर मांडल्या आहेत. मात्र त्याच महिन्यात, २० तारखेला, अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी यानातून पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि ते सुखरूप परतले. १९ ते २५ तारखांच्या दरम्यान आपल्या देशात तिसरी सार्वत्रिक निवडणूक शांततेने पार पडली. या घटनांचा उल्लेखही सदरात नाही. ऑक्टोबरमधील चीनचे आक्रमणही फेब्रुवारीच्या ग्रहयुतीला चिकटवले आहे, वास्तविक चंद्राने ५ फेब्रुवारीलाच मकर रास सोडली होती. आणि पुणेकरांना विचारावेसे वाटते की १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा कोणती अष्टग्रही होती? खाणीतला वायू, कमकुवत बांध, अपुरे राहिलेले धरण, ही कारणे माणसाच्या हातातली असतात आणि ती शोधली तरच पुढचा अपघात टळतो.

दुसरा मुद्दा राशीचा. इंग्रजी महिन्यावरून जी रास सांगतात ती सायन, म्हणजे पाश्चात्त्य, पद्धतीची सूर्याची रास. तिच्याप्रमाणे ४ फेब्रुवारी म्हणजे कुंभ. आपल्या पंचांगात रास चंद्रावरून धरतात आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे एका महिन्यात बाराही राशींची मुले जन्मतात. सदरात कुंभ राशीचा स्वभाव आणि मकरेतील अष्टग्रही एकाच माणसाला लावली आहे. पंचांग मानणाऱ्यालाही ते पटणार नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रातील ज्योतिषांना पत्रिकांवरून हुशार आणि मतिमंद मुले ओळखायला सांगितली होती. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांचे यश ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही पन्नास टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर येतात.

आपल्या जन्माच्या महिन्यात जग कसे होते हे वाचायला मलाही आवडते. माझ्या नातवाला मी ग्लेन यांची गोष्ट सांगते तेव्हा तो डोळे विस्फारून ऐकतो. तेव्हा सदर बंद करा असे माझे म्हणणे नाही. आपल्या जुन्या अंकांतून त्या त्या महिन्याच्या बातम्या तारखेसह द्याव्यात, त्यांची खरी कारणे द्यावीत, आणि छाया, दोष, प्रारब्ध हे शब्द वगळावेत, एवढी विनंती आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये जन्मलेल्या बायकांच्या मुलींची लग्ने आज ठरत आहेत, आणि मुलीच्या आईची पत्रिका मागणारी घरे अजून आहेत.

आपली,
एक वाचक, सातारा