ते खझार प्रकरण आणि तुझा रूममेट

प्रिय ओंकार,

तू फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ बघितला, परत एकदा बघितला, कारण पहिल्यांदा त्या मागच्या ढँढँ म्युझिकमुळे माणूस काय बोलतोय तेच कळत नव्हतं. खाली तू विचारलंयस की आई हे खरंय का, रूममेट म्हणतोय आजचे ज्यू मुळात ज्यू नाहीतच, ते खझार आहेत आणि जगाला फसवतायत. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर तुझ्या मामाने लगेच अजून तीन फॉरवर्ड टाकले असते म्हणून वेगळं लिहितेय. लांबणार आहे, ट्रामबिममध्ये बसून वाच.

आधी एक कबूल करते, खझार हे काही कुणी हवेतून काढलेले नाहीत. कॅस्पियन समुद्र आणि काळा समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात, व्होल्गा नदीपासून कॉकेशसपर्यंत सातव्या ते दहाव्या शतकात त्यांचं मोठं राज्य होतं, तुर्की वंशाचे लोक, व्होल्गाच्या मुखाजवळ अतील नावाची राजधानी, व्यापारी रस्त्यांवर कर घ्यायचे आणि मजेत राहायचे. त्यांच्या राजाने आणि दरबारातल्या बड्या लोकांनी ज्यू धर्म घेतला असं जुने अरब लेखक लिहून गेलेत. स्वीडनच्या गोटलँड बेटावर 1999 साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड मोठा साठा सापडला त्यात 837-38 सालचं एक नाणं असं निघालं की अरबी नाण्याची हुबेहूब नक्कल, फक्त मुहम्मदच्या जागी लिहिलंय की मूसा, म्हणजे ज्यूंचा प्रेषित मोझेस, अल्लाहचा रसूल. मला हे वाचून जाम मजा वाटली. तर धर्मांतर झालं असणार, निदान वरच्या वर्गात, असं बहुतेक इतिहासकार मानतात, काहीजण तेही मानत नाहीत. मग 965 च्या सुमारास कीव्हचा राजा स्व्यातोस्लाव याने त्यांचा धुव्वा उडवला आणि खझार हळूहळू इतिहासातून गेलेच.

इथपर्यंत ठीक. व्हिडिओवाला इथून जी उडी मारतो ना ती बघ. राजाने धर्म बदलला म्हणजे अख्खी प्रजा ज्यू झाली, मग ती प्रजा उठून पोलंडला गेली, मग तेच सगळे युरोपातले ज्यू, मग रॉथशिल्ड हे सावकार घराणं, मग बँका, मग सगळं जग. याला आपल्याकडे बादरायण संबंध म्हणतात. रॉथशिल्डचं घराणं फ्रँकफुर्टच्या ज्यू गल्लीतलं रे, तुझ्या विमानतळाचं फ्रँकफुर्ट! मूळ पुरुष 1744 मध्ये तिथेच जन्मला, त्या अरुंद गल्लीत, जिचे दरवाजे रात्री बंद करायचे. त्याचा व्होल्गाशी संबंध काय?

खरं तर जर्मनीत राहून तुला हे विचारावं लागतंय याचंच मला हसू येतंय, कारण याचं उत्तर तुझ्या बुडाखाली आहे. कोलोनमध्ये ज्यू लोक 321 साली होते, रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनचा तसा हुकूम आहे. म्हणजे खझार राज्य स्थापन व्हायच्या तीनशे वर्षं आधी. मग माईन्झ, व्होर्म्स, श्पायर ही ऱ्हाईनकाठची गावं, तिथे अकराव्या शतकात मोठमोठ्या शाळा आणि पंडित. 1096 मध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिश्चन धर्मयुद्धाच्या टोळ्यांनी तिथेच कत्तली केल्या. पुढे शतकानुशतकं मारहाण आणि हकालपट्टी, म्हणून लोक पूर्वेला पोलंडकडे सरकत गेले, तिकडच्या एका संस्थानिकाने 1264 मध्ये संरक्षणाची सनद दिली होती. आणि ते जाताना काय बोलत गेले? यिद्दिश. ती जर्मन घराण्यातली भाषा, तिच्यात हिब्रू आहे, पोलिश-युक्रेनियन शब्द आहेत. लाखो तुर्की बोलणारे खझार जर पोलंडमध्ये शिरले असते तर भाषेत तुर्कीचा ढीग सापडायला हवा होता, तो नाही.

आता माझा विषय. तीस-बत्तीस वर्षं पोरांना बायोलॉजी शिकवलंय तर डीएनएवर कुणी बोललं की माझे कान टवकारतातच. त्या व्हिडिओत "2013 च्या स्टडीने सिद्ध झालं" असं जे म्हटलंय तो पेपर एल्हाईक नावाच्या संशोधकाचा. त्याची अडचण अशी की खझारांचा डीएनए त्याच्याकडे नव्हता. मग त्याने काय केलं, आजच्या आर्मेनियन आणि जॉर्जियन लोकांना खझारांच्या जागी धरलं! पण आर्मेनियन लोक मध्यपूर्वेच्या लोकांशी मुळातच जवळचे आहेत, त्यामुळे ज्यू त्यांच्याशी जुळले यात खझार सिद्ध झाले कुठे. त्याच वर्षी बेहार आणि इतर बऱ्याच जणांनी मिळून, जुन्या खझार प्रदेशातल्या लोकांचे भरपूर नमुने घेऊन परत तपासलं आणि खझारांची काही खूण मिळाली नाही. त्याआधी 2010 मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी जगभरच्या ज्यूंचे जीनोम बघितले होते, त्यातही बहुतेक समाज एकमेकांच्या जवळ आणि मध्यपूर्वेच्या जवळ, शिवाय जिथे राहिले तिथल्या लोकांची कमीजास्त भर. युरोपातल्या ज्यूंमध्ये बापाकडून येणाऱ्या वाय क्रोमोसोमच्या रेषा बऱ्याचशा मध्यपूर्वेतल्या, आणि आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या रेषांमध्ये युरोपचा वाटा मोठा असं काही अभ्यास सांगतात. म्हणजे ते "शुद्ध" वगैरे अजिबात नाहीत. कुणीच नसतं.

आणि हे ऐक, तुझ्या येनापासून ट्रेनने अर्ध्या तासावर एरफुर्ट आहे ना, तिथे जुन्या ज्यू दफनभूमीवर धान्याचं कोठार बांधलं होतं, 1454 मध्ये ज्यूंना गावातून हाकलल्यावर. त्या कोठाराचं पार्किंग करायला घेतलं तेव्हा 2013 मध्ये खोदकामात कबरी निघाल्या. कबरीला हात लावणं त्यांच्या धर्मात चालत नाही, म्हणून तिथल्या ज्यू समाजाची परवानगी घेऊन फक्त सुटे दात तपासले. चौदाव्या शतकातल्या 33 माणसांचा डीएनए मिळाला, 2022 मध्ये ते छापून आलं. काय निघालं, की आजच्या युरोपियन ज्यूंचा जो जेनेटिक साचा आहे तो तेव्हाच बहुतांशी तयार झालेला होता, मध्यपूर्व आणि युरोप यांचं मिश्रण, गावात दोन गट दिसतात, एकात पूर्व युरोपची भर जास्त, दुसऱ्यात मध्यपूर्वेची. आणि तिसरा हिस्सा लोक आईच्या बाजूने एकाच बाईचे वंशज! एकच बाई रे. सुट्टीत जाऊन ये एरफुर्टला, जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, उभं आहे अजून, युनेस्कोने 2023 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं.

त्या एका बाईवरून व्हिडिओतला दुसरा मुद्दा घेते. तो विचारतो की ऱ्हाईनकाठी मूठभर ज्यू होते तर विसाव्या शतकात एक कोटीच्या वर झाले कसे, नक्की बाहेरून भरती झाली असणार. ऐकायला बरोबर वाटतं. पण एका अभ्यासाचा अंदाज असा की सहाशे ते आठशे वर्षांपूर्वी हा समाज आकसून जेमतेम साडेतीनशे माणसांच्या वंशावर आला होता. आता वही काढ. 350 घे आणि दर चाळीस वर्षांनी दुप्पट कर. सहाशे वर्षांत पंधरा वेळा दुप्पट. 350 गुणिले 32,768. एक कोटी चौदा लाखांच्या वर जातं. लवकर लग्नं, घरटी तीनचार पोरं जगली की होतं हे, कुणी खझार लागत नाहीत त्याला. चक्रवाढ व्याज तुला बँकेच्या इंटरव्ह्यूसाठी पाठ होतं, इथे कसं सुचलं नाही?

अजून एक, हा सगळा खेळ फक्त युरोपातल्या ज्यूंबद्दल आहे. इस्राएलमधल्या जवळपास निम्म्या ज्यूंची मुळं इराक, येमेन, मोरोक्को, इराण अशा देशांत आहेत. पुण्याच्या ससून हॉस्पिटलवाले ससून बगदादचे होते. त्यांना कुठल्या खझारात बसवणार? व्हिडिओत त्यांचं नावही नाही, कारण घेतलं की सगळा डोलारा कोसळतो.

बरं आता मला खरं जे सांगायचंय ते. या गोष्टीचा जुना प्रवास बघितलास तर गंमत म्हणजे तिचा प्रचार करणारा सगळ्यात गाजलेला लेखक, आर्थर कोस्लर, स्वतः ज्यू होता, बुडापेस्टमध्ये जन्मलेला. 1976 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, हेतू चांगला होता, त्याला वाटलं की युरोपचे ज्यू सेमेटिक, म्हणजे मध्यपूर्वेतल्या वंशाचे, नाहीतच असं दाखवलं की त्यांचा द्वेष करायचं कारणच संपेल. बिचारा! द्वेष करणाऱ्यांनी पुस्तक उचललं आणि म्हणाले बघा, हे तर ढोंगी पण आहेत. कारण यांना दोन्हीकडून बोलता येतं. नाझी म्हणायचे हे ज्यू आशियातून आलेले परके, युरोपात यांचं काय काम. आता हे म्हणतात हे ज्यू युरोपातलेच तोतये, आशियात यांचं काय काम. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि वंशाचा एवढा बडेजाव करणाऱ्या नाझींनी 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यात ज्यू ठरवला कसा माहितीये? आजी-आजोबांचा धर्म बघून! रक्तात काही सापडत नव्हतं म्हणून धर्माच्या नोंदी चाळल्या.

काळ्या समुद्रावरच्या क्रिमियाचं तर वाचवत नाही. तिथे दोन समाज होते, दोघेही तुर्की घराण्यातली भाषा बोलणारे आणि ज्यू धर्माच्या वेगवेगळ्या परंपरा पाळणारे, कराईम आणि क्रिमचाक. कराईम लोकांना ज्यू धर्मसमाजात धरू नये असा कागद बर्लिनच्या एका सरकारी ऑफिसने 1939 मध्ये काढला होता म्हणून ते वाचले. क्रिमचाकांकडे तसा कागद नव्हता. 1941 च्या डिसेंबरात नाझींनी सिम्फेरोपोलजवळ त्यांना नेऊन गोळ्या घातल्या. कुळाचा शोध असा लावतात हे लोक.

आपल्याकडे म्हणतात ना, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. मी बायोलॉजीवाली, मला विचारायला आवडतं, विचारावं. पण विचारणारा पुढे त्याचं काय करणार आहे तेही बघावं.

तुला आपल्या अलिबागच्या इस्राएल आळीचं, तिथल्या बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं वेगळं सांगायला नको. नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली ही त्यांची कथा तू लहानपणी ऐकलीस, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली, आडनावं आपल्यासारखीच, पेणकर, रोहेकर, दिवेकर, आणि मलिद्याचे पोहे तर तू वाटीभर खायचास. हेच लोक इस्राएलला गेले तर 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सांगितलं की यांचं लग्न लावण्याआधी यांच्या पिढ्या तपासा. म्हणजे ज्यू असून ज्यूंनाच पुरावा मागितला! जेरुसलेमला आंदोलनं झाली, शेवटी 1964 मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. मग 2016 मध्ये बेने इस्राएलांचा डीएनए तपासून झाला, त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंची बाजू निघाली आणि इथल्या मातीतलीही निघाली, आईकडची जास्त इथली. आळीतल्या कुणाला यात काही नवल वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आणि धर्म बदलून आलेला माणूस खोटा ज्यू असं त्यांच्यातच मानत नाहीत. दावीद राजाची पणजी रूथ, ती मोआबची, बाहेरून आलेली. बाराव्या शतकात मायमोनिदीस या मोठ्या पंडिताला एका धर्मांतरिताने विचारलं की प्रार्थनेत "आमच्या पूर्वजांचा देव" मी म्हणू का, तर त्याने लिहून कळवलं की खुशाल म्हण. त्यामुळे उद्या अर्धे लोक खरंच खझार निघाले तरी ते तोतये ठरत नाहीत.

तुझा रूममेट हे का बोलतोय ते मला कळतं. गाझाचे फोटो बघून पोटात कालवतं, माझंही. इस्राएलच्या सरकारवर जे बोलायचं ते बोलावं, लेकरांचे जीव जातायत हे सांगायला डीएनए लागत नाही. उलट डीएनएच बघायचा तर 2020 मध्ये त्या भागातल्या कांस्ययुगातल्या सांगाड्यांवर काम झालंय, त्यात बऱ्याच ज्यू समाजांचाही आणि तिथल्या अरबी बोलणाऱ्यांचाही त्या जुन्या कनानी लोकांशी संबंध निघतो. यावरून जमीन कुणाची ते ठरत नाही, आणि कुणी ठरवायला लागला तर त्याच्याकडेही संशयानेच बघ, मग तो कुठल्याही बाजूचा असो. कोस्लरनेसुद्धा लिहून ठेवलंय की इस्राएलचा हक्क वंशावर नाही, 1947 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावावर आहे.

रूममेटशी भांडू नकोस, भाडं अर्धं अर्धं भरताय. एवढंच विचार त्याला, की समज ते खझार आहेत, मग तू त्यांचं काय करायचं म्हणतोस? तो काय म्हणतो ते मला कळव.

आणि तो व्हिडिओ ग्रुपवरून आत्ताच्या आत्ता काढ, उशीर झाला की सगळ्यांसाठी डिलीट होत नाही. मामाने तो आधीच त्याच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर पाठवलाय, त्याला मी फोन करते.

तुझी आई