मेडिसिन वॉर्डातल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. केसपेपरवरचं नाव चारचौघांत सांगायचा मला हक्क नाही. पण आभार जाहीरच मानायचे आहेत, कारण हृदय ऐकायला मला तुम्ही शिकवलंत.

पुस्तकात सगळं होतं. पहिला ध्वनी हृदयातल्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतानाचा, दुसरा महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या झडपांचा. लहानपणीच्या सांधेतापाने मायट्रल झडप आकसली, की दुसऱ्या ध्वनीनंतर घरघर. पाठ होतं सगळं, पण ‘लब-डब’च्या पुढे कानाला काही कळत नव्हतं.

आमची अख्खी बॅच तुमच्या खाटेभोवती जमली. कुणी सांगायच्या आत तुम्ही डाव्या कुशीवर वळलात, श्वास सोडून रोखून धरलात. माझ्या पुढच्या मुलाने स्टेथोची सपाट बाजू दाबून लावली, तर म्हणालात, “सर ती दुसरी लावतात. हलकी, नुसती टेकवून.” बरोबरच होतं. खर्जातले आवाज बेलच, म्हणजे स्टेथोची ती दुसरी, वाटीसारखी बाजूच पकडते. तीही दाबली की खालची कातडी ताणली जाते आणि खर्ज गळून जातो.

मग माझी पाळी आली. पहिला ठोका दार आपटल्यासारखा. दुसऱ्याच्या पाठोपाठ बारीकसा ‘टक्’, ताठरलेली झडप उघडतानाचा. आणि त्यामागून ती खोल घरघर, पुढच्या ठोक्याजवळ येताना वाढत जाणारी. तेव्हापासून ती मी विसरलेले नाही.

१८१६ साली पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलात लेनेक या फ्रेंच डॉक्टरने एका तरुणीच्या छातीला कागदाची सुरळी लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. लेनेकचं नाव आम्हाला परीक्षेला असतं. त्या तरुणीचा उल्लेख मात्र ‘एक रुग्ण’ एवढाच.

आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आहे, मान्य. पण इकोला कुणाला पाठवायचं, ते आधी कानांनीच ठरवावं लागतं. मध्यंतरी एक गरोदर मुलगी आली, चार पावलांत धाप लागणारी. ‘दिवस गेलेत, धाप लागायचीच,’ असं घरचे म्हणत होते. पण गरोदरपणात रक्त वाढतं, ठोके वाढतात, अरुंद झडपेला ते झेपत नाही, आणि वर्षानुवर्षं दबून असलेला आजार तेव्हा डोकं वर काढतो. तिला कुशीवर वळवलं, बेल टेकवली. तुमचीच घरघर! इकोनेही तेच सांगितलं. पुढे मोठ्या रुग्णालयात फुगा घालून झडप रुंद केली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

माझ्या हाताखालच्या इंटर्नना मी दोनच गोष्टी बजावते: आधी पेशंटला विचारा, आणि स्टेथो तळहातावर घासून गरम करा. “गार लागतं गं,” असं तुम्ही प्रत्येकीला म्हणायचात ना.

आणि मावशी, सांधेताप पुन्हा उलटू नये म्हणूनची पेनिसिलिनची सुई दर तीन आठवड्यांनी घेताय ना? दुखते, ठाऊक आहे. पण चुकवू नका.

तुमची,
त्या बॅचमधली एक विद्यार्थिनी