गीतलेखन स्पर्धा : अभिप्राय देणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, स्पर्धेसाठी आलेली बहुतेक गीते प्रथमच लिहिणाऱ्यांची आहेत, त्यामुळे प्रत्येक गीत किमान दोन वेळा, पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता, ऐकल्यानंतरच अभिप्राय लिहावा. ‘छान’ किंवा ‘जमले नाही’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या ओळीत काय घडते ते नेमके सांगावे. उदाहरणार्थ, आठ मात्रांच्या केरवा तालात बांधलेल्या चालीत ‘दिवस’मधील ‘व’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन ताणला जात असेल, तर शब्द पुढेमागे करून पाहण्यास सुचवावे. मात्र ओळ स्वतः नव्याने लिहून देऊ नये, कारण ते गीत कवीचे आहे. कवीने अभंगाची चौकट घेतली असेल, तर मोठ्या अभंगातील सहा-सहा-सहा-चार अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतील यमक जरूर तपासावे. जात्यावरच्या ओवीला मात्र हे अक्षरमोजमाप लावू नये, ती गळ्याने सैल-घट्ट होते.

आपल्या मराठवाड्याच्या बोलीतील ‘लेकरू’, ‘करायलाय’ असे शब्द चूक म्हणून दाखवू नयेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बोली पुसली की पुष्कळदा गाण्याचा सूरच हरवतो. मोबाईलवरील ध्वनिमुद्रणाचा दर्जा विचारात घेऊ नये.

मुखडा लक्षात राहिला का आणि अंतऱ्यावरून ध्रुवपदाकडे परतताना अर्थ पुढे सरकला का, हे प्रत्येक अभिप्रायात यावे. कठोर मत असल्यास ते कवीला एकट्याला कळवावे.