अण्णांच्या पद्मिनीच्या ऑइलमध्ये पाणी

नाशिक, रविवार

प्रिय दिल्या,

तब्येत ठीक, साखर आटोक्यात. पत्र अण्णांच्या पद्मिनी गाडीसाठी लिहितोय. घरात विषय काढला की "विकून टाका" एवढंच ऐकू येतं.

कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लालला टेकला. सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइल कॉफीसारखं दुधाळ, पातळी वर चढलेली. रेडिएटर अर्धा रिकामा, आणि जमिनीवर थेंब नाही. ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांनीही धरते, पण डिपस्टिकवर?

मिस्त्री बघताक्षणी म्हणाला, "ब्लॉक फुटला, दुसरं इंजिन टाकू." म्हटलं, आधी तपासू. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं भरलं. मग चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून रेडिएटरच्या तोंडाला पंप लावला, कॅपवर लिहिलंय तेवढाच दाब दिला आणि दोघं टॉर्च घेऊन खाली आडवे. सिलिंडरच्या भिंती कोरड्या! पाणी येत होतं पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बाजूने, कॅमवरून टपटप. म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलेलं. मिस्त्रीचं तोंड बारावीच्या निकालादिवशी तुझं झालं होतं तसं.

हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापले की दोघं सारखे फुगत नाहीत. हेडवर पट्टी धरली तर त्याच पुशरॉडच्या बाजूला फिलर गेज (फट मोजायची पात) सहज आत गेला. सातपूरला फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, नट मधून बाहेर टप्प्याटप्प्याने आवळले.

आता खरी काळजी. चेंबर उघडंच आहे म्हणून एक बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) कॅप सोडली, तर बेअरिंगवर चरे, नख अडकतंय. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये गेलं की बेअरिंग खातं, नुसत्या पाण्यापेक्षा जास्त. हसू नकोस! तुझ्या नळाच्या पाण्याने रेडिएटर गंजून बुजला, त्याचं बिल मी भरलंय. मिस्त्री म्हणतो, "पॉलिश मारा, चालतंय." मला ते पटत नाही. क्रँक मात्र गुळगुळीत आहे, माप घेतलं, मूळ साइजचाच बेअरिंगचा सेट लागेल.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंट्याला नोकरी लागली म्हणे, पेढे कुठे अडकले?

तर, गाडी जिथे जन्मली त्या कुर्ल्यातच सीएसटी रोडला चक्कर मार. मेन आणि बिग एंड दोन्ही सेट बघ. पाठीवर 0.25 छापलेलं असेल तर तो घासलेल्या क्रँकसाठीचा जाड सेट, घेऊ नकोस, कितीही स्वस्त देवो. आणि घासाघीस तू करू नकोस, वहिनींना ने.

तुझा,
नान्या